अस्वलाला सांगितलेली रेसिपी

लुएलाने कमरेच्या घंटेत मोजा कोंबला तेव्हा तिचा नवरा मर्टन दारातच उभा होता.

"मी ती घंटा वाजावी म्हणून दिली होती," तो म्हणाला.

"वाजली की सगळ्या डोंगराला कळेल मी कुठे आहे ते."

"डोंगराला कशाला? अस्वलाला. त्याला आधी कळलं की ते आपणहून बाजूला होतं. जंगलात बडबड करत चालायचं, एवढाच नियम. एरवी तुला छान जमतं की."

मर्टन वीस वर्षं व्हर्मॉंटच्या डोंगरवाटांवर झाडांना खुणेचे पट्टे रंगवत हिंडत होता. त्यामुळे अस्वलांच्या बाबतीत त्याचं म्हणणं खोडून काढणं कठीण होतं. लुएलाने ते खोडून काढलं नाही, फक्त मोजा आणखी आत ढकलला.

प्रश्न ब्लूबेरीच्या जागेचा होता. सासूने मरताना दागिने लेकीला दिले आणि सुनेच्या कानात माथ्याजवळच्या एका कातळाचा पत्ता सांगितला. लेक अजून समजते की मोठा वाटा तिलाच मिळाला. त्या कातळावरच्या जंगली ब्लूबेरींचा जॅम करून सासूने चर्चच्या जत्रेत सात वेळा पहिल्या बक्षिसाची निळी फीत जिंकली होती. लुएलाच्या सहा झाल्या होत्या. परवा शनिवारी सातवी मिळाली की सासूशी बरोबरी होणार होती, आणि हे स्वप्न ती लग्न झाल्यापासून बघत होती. आड येण्यासारखं एकच माणूस होतं, दरवर्षी दुसरी येणारी डॉर्कस.

जागेचा सुगावा लागू नये म्हणून लुएला गाडी दफनभूमीपाशी लावायची आणि सासूच्या थडग्यामागून जंगलात शिरायची. सासूला इतक्या वेळा भेटायला जाणारी सून पंचक्रोशीत दुसरी नव्हती. पाद्रीबुवांनी एकदा प्रवचनात तिचं उदाहरणसुद्धा दिलं होतं.

आजही ती मांजरीच्या पावलांनी कातळावर पोचली. झुडपं निळीजांभळी झाली होती. बादली अर्धी भरली असेल, तेवढ्यात पलीकडून मचमच ऐकू आली. लुएलाने मान वर केली. गाडीच्या लांबीइतक्या अंतरावर एक काळंकुळकुळीत अस्वल बूड टेकून बसलं होतं आणि तोंडाने फांदीच्या फांदी ओरबाडत होतं. त्यानेही मान वर केली.

मर्टनची शिकवण तिला पाठ होती. पळायचं नाही, हात वर करून मोठं दिसायचं आणि ठाम आवाजात बोलत राहायचं. लुएलाने हात वर केले. घंटा मोजा पोटात घेऊन मुकाट लोंबत राहिली. बोलायचं मात्र काही सुचेना. आयुष्यभर जिच्या तोंडाला कुलूप कुणी बघितलं नव्हतं, तिला अस्वलाशी बोलायला विषय मिळेना. तिने प्रार्थना सुरू केली, ती दुसऱ्या ओळीत अडली. शेवटी झोपेतही जे चुकलं नसतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"चार कप बेऱ्या," ती ठाम आवाजात म्हणाली, "धुवायच्या, पण भिजत ठेवायच्या नाहीत. अर्ध्या लिंबाचा रस. सहा मिरे, भाजून, जाडसर कुटून."

अस्वल लक्ष देऊन ऐकत होतं.

"आणि साखर तीन कप."

"तीन?" झुडपामागून आवाज आला. "तीन कप म्हणजे पाक झाला, लुएला. दोन पुरे होतात."

झुडपामागून डोक्याला पानं चिकटलेली डॉर्कस उभी राहिली. तिचेही हात वर होते.

"तू इथे काय करतेस?" लुएलाने अस्वलावरची नजर न हटवता विचारलं.

"अकरा वर्षं करतेय तेच. मी डोंगराच्या पलीकडून चढते. खालची झुडपं अस्वल ओरबाडतं असं मला वाटायचं."

"आणि मला वाटायचं वरची."

आपल्या नावावर एवढं काही खपलंय याची अस्वलाला कल्पना नसावी. ते उठलं आणि डॉर्कसच्या दिशेने दोन पावलं सरकलं. डॉर्कसचा आवाज चढला.

"दोन कप साखर. एक कप कोरा चहा, कडक. बेऱ्या मऊ झाल्यावरच ओतायचा."

"चहा? जॅममध्ये?"

"मिरी घालणाऱ्या बाईने बोलू नये."

"सहा वेळा पहिली आलेय मी, त्या मिरीवर."

"पाद्रीबुवांना गोड आवडतं म्हणून आलीस. तीन कप घालून कुणीही येईल."

"मग घालायचे होतेस."

हे बराच वेळ चाललं. अस्वल एकदा हिच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे, आणि शेवटी घरात पाहुणे भांडायला लागल्यावर माणूस उठून जातो तसं ते वळलं. जाताना त्याने डॉर्कसची बादली तोंडात धरली आणि झाडीत निघून गेलं.

दोघी हात वर करूनच उभ्या होत्या. डॉर्कसने बादलीच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. लुएलाच्या मनात आलं, फीत आता आपलीच. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

"टोपी धर," ती म्हणाली आणि आपल्या अर्ध्या बेऱ्या डॉर्कसच्या टोपीत ओतल्या. "जागा कुणाला सांगायची नाही."

"मेले तरी नाही."

घरी आल्यावर मात्र लुएलाला घोर लागला. डॉर्कस आता मिरी घालणार, यात शंकाच नव्हती. मग आपल्या जॅममध्ये वेगळं काय उरलं? बराच वेळ विचार करून तिने मिरी बाजूला सारली आणि चहाचं आधण ठेवलं, आणि चहा घालायचाच तर साखरही बेताची हवी म्हणून दोनच कप घातली.

शनिवारी पाद्रीबुवांनी चमचा घेऊन टेबलाला फेरी मारली. ते दोन बाटल्यांपाशी थबकले, पुन्हा चाखलं, हसले आणि तिथलं काहीतरी नीट मांडून पुढे गेले.

"बाटल्या मांडताना दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती," ते निकाल सांगताना म्हणाले. "पण इतकी वर्षं मी हे जॅम खातोय. मिरी कोणाची आणि दुसरा जॅम कोणाचा, हे मला डोळे मिटूनही कळतं. चिठ्ठ्या मी जागच्या जागी लावल्या. मिरीवाला जॅम पहिला. लुएला, ये."

मिरीवाली बाटली डॉर्कसची होती. खरं सांगायचं तर अस्वल सांगावं लागणार, अस्वल सांगितलं की कातळ, आणि कातळ सांगितला की सासूच्या थडग्यापर्यंत सगळंच. तिने डॉर्कसकडे बघितलं. डॉर्कस शांतपणे टाळ्या वाजवत होती.

फीत घेऊन लुएला तिच्या शेजारी येऊन बसली आणि तिने टेबलाखालून ती डॉर्कसच्या मांडीवर ठेवली.

"घे. तुझी आहे."

"ठेव तुझ्याकडे. सासूची बरोबरी करायची होती ना?" डॉर्कसने फीत परत सरकवली. "मिरी तुझी होती, बेऱ्याही तुझ्याच."

लुएलाला भरून आलं. तिने फितीची घडी नीट केली. मग तिच्याने राहवेना.

"साखर किती घातलीस?"

डॉर्कसने आजूबाजूला बघितलं.

"तीन कप," ती पुटपुटली.

लुएलाने फीत पर्समध्ये ठेवली आणि समाधानाने लिंबू सरबताचा घोट घेतला.