मुरुडकरांच्या पारावर सॉफ्टवेअर

संगमेश्वरने छाती फुगवून जाहीर केलं, "उद्यापासून आपल्या पारावर शिस्त!"

पार म्हणजे झाडाखालचा नव्हे, मोबाइलमधला. लातूरच्या एका सरकारी कचेरीत नोकरी करता करता संगमेश्वरने आपल्या मुरुड गावासाठी ‘मुरुडकरांचा पार’ नावाचं संकेतस्थळ काढलं होतं. नांदेड, पुणे, हैदराबाद, जिथं जिथं मुरुडची माणसं पांगली होती, तिथून ती ‘आठवणी’ या विभागात येऊन बसत. कुणी बाजारातल्या गोड गुडीशेवेबद्दल लिही, कुणी हुरड्याबद्दल. वाचता वाचता संगमेश्वरचे डोळे भरून यायचे.

आणि नेमक्या तेव्हाच कुणीतरी मध्ये विचारायचं, "फोटो चढत न्हाई, काय करू?" झालं! हुरडा राहिला बाजूला, सगळे फोटो चढवायला धावत.

"असल्या सॉफ्टवेअरच्या अडचणींसाठी वेगळा विभाग काढतो," तो बायकोला, रुद्राणीला म्हणाला.

"दोघं-तिघं तर विचारतात. तेवढ्यासाठी नवी खोली कशाला बांधून राहिलात?"

"तुला न्हाई कळायचं. गर्दी व्हायच्या आधी सोय पाहिजे!"

त्याने नुसता विभाग काढला नाही. अडचण म्हणजे काहीतरी बंद पडलेलं, असा त्याचा हिशेब. कुणाच्याही लिखाणात ‘बंद’ हा शब्द दिसला की ते आपोआप सॉफ्टवेअर विभागात जाईल, अशी युक्ती केली. रविकिरण नावाचा हैदराबादचा तरुण इंजिनिअर उत्तरं द्यायला बसवला आणि संगमेश्वर निवांत झोपला.

पण आठवणी म्हणजे तरी दुसरं काय हो? जे जे बंद पडलं तेच माणसाला आठवतं! पुण्याच्या तुळजाबाईंनी लिहिलं, "आमच्या सासऱ्यांचा रेडिओ बंद पडला, तेव्हापासून घर सुनं सुनं वाटतं." रविकिरणने तत्परतेने कळवलं, "काकू, अपडेट करून बघा."

खरा घोटाळा झाला तो श्रीमंत आणि बसवंत यांच्यात. दोघे लंगोटीयार. श्रीमंत मुरुडला शेती बघत होता, बसवंत लेकाजवळ नांदेडला राहायला गेला होता. रोज पारावर भेट ठरलेली. बसवंतने गावातल्या तंबू टॉकीजच्या सिनेमांचा विषय काढला आणि श्रीमंत भरभरून लिहू लागला. पण ती टॉकीज बंद पडलेली! त्यामुळे त्याचं एकूणएक लिखाण सॉफ्टवेअर विभागात जाऊन पडायचं. श्रीमंत त्यामागोमाग तिकडंच जाऊन बसला. इकडं बसवंत ‘आठवणी’त एकटाच वाट बघत राहिला. हा काही बोलेना, म्हणजे रुसला की काय? शेवटी त्याने लिहिलं, "श्रीमंत लई जुना. पण आजकाल पुरता बंद पडल्यासारखा झालाय. कितीदा हाक मारली, उत्तर न्हाई. काय करावं?"

‘बंद’ दिसताच हेही उडालं तिकडं. श्रीमंत हे कुठलं तरी हिशेबाचं सॉफ्टवेअर असावं असं समजून रविकिरणने लिहिलं, "काका, एवढं जुनं कशाला सांभाळता? काढून टाका. नवीन फुकट मिळतं!"

आणि हे वाचलं कुणी? साक्षात श्रीमंतनं!

संगमेश्वरचा फोन खणखणला. "मी चाललो नांदेडला!" श्रीमंत गरजला. "मला काढून टाकतो म्हणं! त्याच्या दारात उभा ऱ्हाऊन इचारतो!"

"काका, गैरसमज झालाय, ऐका तरी..."

फोन कट. परत लावला तर स्विच ऑफ. बसवंतचा तर वाजून वाजून थकला. सत्तरीची दोन माणसं, दोघांनाही रक्तदाब! संगमेश्वरने साहेबाला "घरी तकलीफ हाय" असं सांगितलं आणि धावत नांदेडची एसटी पकडली. वाटेत प्रत्येक थांबा त्याला मुद्दाम खोळंबा करत असल्यासारखा वाटत होता.

बसवंतच्या गल्लीत शिरला तर आरडाओरडा कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता.

"माझं होतं!"

"खामखा खोटं बोलू नको, माझ्या बापाचं होतं!"

संगमेश्वर धापा टाकत आत घुसला. दोघे म्हातारे जमिनीवर मांडी घालून बसलेले, पुढ्यात फोडणी दिलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला, आणि भांडण चाललेलं तंबूत बसायला नेलेलं पोतं नेमकं कुणाचं यावरून!

"बसा," बसवंतची सून, तनुजा म्हणाली. "आल्या आल्या लई शिव्या दिल्या काकांनी. मग मामंजींनी मोबाइलवर ‘आठवणी’ उघडून दाखवल्या, काकांचं तिथं काहीच नव्हतं, तवा उलगडा झाला. दोघंबी रडले, अन् आता हे."

बसवंतनं संगमेश्वरकडं बघितलं. "ह्योच तो! का रं, माझा दोस्त कुठं लपवून ठिवला होता?"

संगमेश्वरने कान पकडले.

"जाऊ दे. श्रीमंत, तू काय काय लिहिलं ते वाच बघू मोठ्यानं."

श्रीमंतने चष्मा पुसला. मोबाइल लांब धरून वाचू लागला. "मशीन बंद पडलं की तंबूत काळाकुट्ट अंधार. मला भ्या वाटायचं. मग बसवंता माझा हात धरून शीळ घालायचा. पडदा उजळला की हात सोडायचा, अन् कुणाला सांगायचा न्हाई."

मग बसवंतने हळूच शीळ घालून पाहिली. दात नव्हते, नुसती हवा आली. दोघेही पोट धरून हसले. संगमेश्वरलाही हसू आवरेना.

घरी येताच त्याने पारावर माफी मागितली आणि सॉफ्टवेअर विभाग काढून टाकत असल्याचं कळवलं. मिनिटात निषेधांचा पाऊस! तुळजाबाई सगळ्यांत पुढं. "खबरदार! आमी समदे तिथंच बसतो. लई जीव लागलाय त्या जागंला!"

संगमेश्वरने तो विभाग ठेवला, ‘बंद’ची युक्ती तेवढी काढून टाकली. आता मुरुडच्या साऱ्या आठवणी सॉफ्टवेअर विभागात सुखानं नांदतात.

आणि ‘आठवणी’ विभाग रिकामा पडलाय असं समजू नका. तिथं काल तिघांनी विचारलं, "फोटो चढत न्हाई, काय करू?"