दात आणि चारशे दहा

लग्नाला आठ वर्षं झाली तरी त्या घरात ताजा पाव कुणी खाल्ला नव्हता. ताजा पाव रोज यायचा, पण घरचा कर्ता माणूस पडला बिस्किटांच्या गोदामातला स्टोअरकीपर. आधी आलेला माल आधी बाहेर, नवा माल तळाशी, हा नियम त्याच्या हाडीमाशी असा भिनला होता की पावाच्या डब्यातसुद्धा आजचा पाव खाली आणि कालचा वर जायचा. साबण, टॉवेल, मोजे, सगळ्यांना तीच रांग.

"तुमच्या गोदामात मी वरती आहे की तळाला?" बायको विचारायची.

"तू एकच नग आहेस. तुला रांग लागू नाही."

मग हा एकच नग आजारी पडला. रक्ताचा कॅन्सर. औषधं होती, आणि ती लागूही पडत होती. पण त्या गोळ्या वाईट पेशींबरोबर चांगल्याही पेशींना झोडपून काढत. अंगाची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी घसरत घसरत पार तळाला गेल्या. डॉक्टरांनी बजावलं, की आकडा हजाराच्या खाली आहे तोवर गर्दी नको, फुलं नकोत, कच्चं काही खायचं नाही, आणि लहान मुलं तर घरातच नकोत. शाळेतलं मूल दप्तरातून रोज नवी सर्दी घेऊन येतं.

घरात लहान मूल एकच होतं. वय वर्षं सहा, अंगानं एवढीशी, म्हणून नाव पडलं मुंगी. तिची रवानगी दोन गल्ल्या सोडून आत्याकडे झाली. निघताना मुंगीनं आईला तोंड उघडून दाखवलं. खालचा पुढचा दात हलत होता. तिचा पहिलाच.

"हा तू काढायचा. बाबांनी नाही, आत्यानं नाही."

"मीच काढणार," आई मास्कमधून म्हणाली. "मी बरी होईपर्यंत तू फक्त धरून ठेव."

त्या दिवसापासून घरात दोन गोष्टींकडे सगळ्यांचे डोळे लागले. आकडा वर चढायला हवा होता, आणि दात खाली यायला नको होता.

आता आकड्याची गोष्ट. दर सोमवारी सकाळी लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन जाई आणि संध्याकाळी स्टोअरकीपर गोदामातून येताना रिपोर्ट आणी. पूर्वी तो रिपोर्ट बसस्टॉपवरच उघडून वाचायचा. पण त्याच्या तोंडावर काही लपत नसे. एकदा तो असा काही चेहरा घेऊन दारात उभा राहिला, की बायकोनं न विचारता हॉस्पिटलची पिशवी भरली. नाइटड्रेस, कंगवा, चार्जर. पिशवीची चेन लावून झाल्यावर त्यानं सांगितलं, रिपोर्ट ठीक आहे, गोदामात पायाच्या अंगठ्यावर खोकं पडलं.

त्या दिवशी बायकोनं फतवा काढला. "यापुढे तुम्ही रिपोर्ट वाचायचा नाही. न बघता फाइलला लावायचा. मीही बघणार नाही, मला रात्रभर झोप लागत नाही. मंगळवारी सकाळी आई वाचेल."

आई, म्हणजे त्याच्या सासूबाई, लेकीच्या आजारपणात मदतीला येऊन राहिल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. कुणाच्या घरी जन्म असो नाहीतर मरण, नंबर सांगताना त्यांचा आवाज हलला नव्हता. त्यांच्याइतकी या कामाला लायक व्यक्ती शोधून सापडली नसती.

नवी फाइल आली. पहिला रिपोर्ट त्यानं मान वळवून, डोळे छताला लावून, चाचपडत भोकं पाडून फाइलला लावला. मंगळवारी सकाळी सासूबाईंनी फाइल उघडली, वरच्या कागदावर पांढऱ्या पेशींच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "चार, एक, शून्य. परत सांगते. चार, एक, शून्य."

"चारशे दहा," बायको म्हणाली. "असू दे. मुंगीला जाऊन पहिलाच आठवडा आहे."

दुसऱ्या सोमवारी दुसरा रिपोर्ट आला. पुन्हा छत, पुन्हा चाचपडणं. सवयीच्या हातांनी नवा कागद जुन्याच्या खाली सरकवला आणि आपलं काम चोख झालं म्हणून तो हात धुवायला गेला.

मंगळवारी सकाळी सासूबाईंनी वरच्या कागदावर बोट ठेवलं. "चार, एक, शून्य. परत सांगते. चार, एक, शून्य."

"पुन्हा तेवढाच?"

"आकडा आहे तो आहे. मी माझ्या मनाचा कशाला सांगू?"

त्यानं गोदामात जाता जाता स्वतःची समजूत घातली. काही माल असतो असा, महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. पण निदान कमी तर झाला नाही.

हलत होता तो दात. आत्याचा रोज फोन यायचा. "दादा, काल पुढे-मागे हलत होता, आज गोल फिरतोय. मी काय करू?"

"सफरचंद बंद कर."

"केलं."

"टोस्ट?"

"तो परवाच बंद केला. पोरगी सूप, केळं आणि उकडलेला बटाटा यांवर आहे. आता मला म्हणते, आत्या, तुझ्याकडे चावायचं काहीच नसतं का?"

मुंगीनंही दाताची जबाबदारी मनावर घेतली होती. ती ओठ मिटून बोलायला लागली. शाळेतून बाईंची चिठ्ठी आली, की मुलगी कविता म्हणताना तोंड उघडत नाही, घरी काही ताण आहे का. आत्यानं खाली लिहून पाठवलं, ताण नाही, दात आहे. स्टोअरकीपर तिला शाळेत सायकलवरून सोडायचा ते बंद करून चालवत नेऊ लागला, कारण वाटेत तीन खड्डे होते. शेवटी तर तो कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन बसला.

"दात पडू नये म्हणून काही करता येईल का?"

"कोणाचा?"

"मुलीचा. सहा वर्षांची आहे."

"अहो, मग पडायलाच हवा तो."

"पडू दे हो. पण पेशी वर येईपर्यंत थांबला असता तर बरं होतं."

डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. खुर्ची मागेपुढे केली. "तीस वर्षं लोकांचे दात काढतोय," तो म्हणाला. "धरून ठेवा म्हणणारे तुम्ही पहिलेच." त्यानं फी घेतली नाही आणि इलाजही दिला नाही.

रोज संध्याकाळी पाच वाजता आत्या मुंगीला घेऊन खिडकीखाली यायची. घर तळमजल्यावर होतं. काच बंद. आत आई, बाहेर फरशीच्या ओट्यावर चवड्यांवर उभी मुंगी. ती तोंड उघडून जिभेनं दात ढकलून दाखवी, आई आतून दोन्ही हात जोडून त्याला थांबायची विनवणी करी. मुंगीला हसू येई, पण ती ओठ दाबून हसायची. जाताना दोघी काचेला नाक लावत. मग सासूबाई आतून काच पुसत आणि आत्या बाहेरून.

तिसऱ्या मंगळवारी सासूबाईंनी वाचलं, "चार, एक, शून्य." या खेपेला त्यांनी परत सांगितलं नाही. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा अडखळला होता.

बायको उठून खिडकीपाशी गेली आणि सकाळी दहा वाजता, बाहेर कुणी नसताना, काच पुसत राहिली. तो डबा भरता भरता थांबला.

"डॉक्टरांना फोन करू का?"

"डॉक्टरांना रिपोर्ट परस्पर जातात. काही गडबड असती तर त्यांनीच केला असता." तिनं फडकं पिळलं. "तुम्ही जा. उशीर होईल."

तो गेला. त्या दिवशी गोदामात त्यानं दोनदा चुकीची गाडी भरली.

रविवारी संध्याकाळी मुंगी खिडकीत आली ती दमून आलेली होती. सूप पिऊन आणि ओठ मिटून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. ती दात दाखवायला तयार होईना. तिला हसवायचं म्हणून आईनं मास्कवर स्केचपेननं एक मोठं बोळकं काढलं, वर दोन, खाली एक दात, आणि काचेशी येऊन डोळे फिरवले. मुंगीनं आवरायचा प्रयत्न केला. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती तोंड उघडून, खदखदून, तीन आठवड्यांचं साठलेलं सगळं हसली.

काचेवर टक् असा आवाज झाला.

दात ओट्यावर पडला होता. मुंगीनं तो उचलला. तोंडाला हात लावला. मग तिनं आईकडे पाहिलं.

"मी नाही काढला," ती काचेतून म्हणाली. "तो आपला आपण पडला."

आईनं मान हलवली. ती हात वर करून काचेवर ठेवणार होती, पण मुंगी आत्याच्या ओढणीत तोंड खुपसून उभी होती, आणि हात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिघांनी मिळून हॉस्पिटलात दाखवायला जायचं होतं. तिथल्या नर्सनं सकाळीच रक्त घेतलं आणि गप्पा मारत सहज विचारलं, "काय, लेक आली का घरी?"

"कशी येणार?" सासूबाई म्हणाल्या. "आकडा अडून बसलाय चारशे दहावर."

"चारशे दहा? कधीचे?"

सासूबाईंनी फाइल पुढे केली. नर्सनं वरचा कागद पाहिला, तारीख पाहिली, मग तो उलटला. खालचा पाहिला. तोही उलटला. "हे बघा, दुसऱ्या आठवड्यात सातशे वीस. आणि मागच्या सोमवारी तेराशे ऐंशी. मागच्या सोमवारीच तिला घरी आणायला हरकत नव्हती. रिपोर्ट चांगला असला की आम्ही फोन करत नाही हो. वाईट असला तरच करतो." मग तिनं मान वर केली. "नवा कागद तळाला कुणी लावला?"

तीन माणसांपैकी एकाच्या चेहऱ्यावर उत्तर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"आठवड्याला एक दिवस कमी," बायको हळू म्हणाली. "सहा दिवस."

परतताना टॅक्सीत तिघं मागे बसले होते. सासूबाई मध्ये.

"नंबर मी बरोबरच वाचला," त्या समोर बघत म्हणाल्या. "तीस वर्षांत चुकीचा वाचला नाही. पण तारीख बघायला हवी होती. ते काही एक्स्चेंजमध्ये शिकवत नाहीत."

"चूक माझी आहे, आई."

"फतवा माझा होता," बायको म्हणाली. "तुमचं तोंड बघवत नव्हतं म्हणून काढलेला." आणि थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "एखादाच दिवस वाया गेला असता ना, तर एवढं वाटलं नसतं. सहा दिवस ती ओठ मिटून होती हो."

घरी आल्यावर त्यानं फाइल सोडली, कागद उलटे लावले, हॉस्पिटलातून निघताना मिळालेला आजचा सर्वात वर. मग पावाचा डबा उघडून तो बराच वेळ नुसता उभा राहिला.

पाच वाजता मुंगी आली, या वेळी दारातून. नाक वाहत नाही याची आत्यानं तीनदा खात्री करून घेतली होती. पण मुंगी उंबऱ्याच्या आत चार फरश्या येऊन थांबली आणि पुढे येईना.

"किती?" तिनं आजीला विचारलं.

"एक, सहा, चार, शून्य. आजची तारीख."

"परत सांग."

"एक, सहा, चार, शून्य."

मुंगीनं बाबांकडे बघून खात्री केली. त्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पण तिनं खिशातून काड्यापेटी काढली. "बाबा, हा उकळून दे."

"दात?"

"हो. जंतू असतात ना."

त्यानं छोट्या पातेल्यात दात दहा मिनिटं उकळला. घड्याळ लावून. सासूबाईंनी लेकीच्या हातात रबरी मोजे चढवले. मुंगी हात धुऊन आईसमोर खुर्चीत बसली, तो कोमट दात तिनं हिरडीतल्या खाचेत उभा केला, खालच्या ओठानं घट्ट धरला आणि मान वर करून डोळे मिटले.

"काढ," ती दातांतून म्हणाली.

आईनं तो चिमटीत धरला. हळूच हलवला. पुन्हा हलवला. पाय जमिनीला रोवून, दम लागल्यासारखं करून, तिनं तो बराच वेळ ओढला, आणि सगळे थांबले.

"बाई गं, किती घट्ट बसलाय," ती म्हणाली.

मुंगीनं एक डोळा उघडला.

"तूच म्हणाली होतीस ना, धरून ठेव."