एका गालाचं ऊन

ऑफिसच्या ओळखपत्रासाठी नवा फोटो काढायचा, एवढंच हेडक्लार्कसाहेबांनी ठरवलं होतं. जुना फोटो बारा वर्षांपूर्वीचा. गेटवरचा वॉचमन तो पाहून "हे आपले चिरंजीव का?" असं विचारायला लागला होता.

फोटोग्राफरने तीनदा दिवे हलवले आणि शेवटी हात टेकले. "साहेब, उजेडात खोट नाही. तुमचा डावा गालच काळा आहे."

"कुणाला काळा म्हणतोस?" साहेब कडाडले. (ऑफिसात त्यांच्या कडाडण्याने शिपाईसुद्धा जागचा हलत नाही, पण फोटोग्राफर बिचारा नवखा होता.)

घरी बायकोने त्यांना खिडकीशी उभं केलं आणि टोमॅटो निवडावा तसा त्यांचा चेहरा उलटसुलट फिरवून पाहिला. "अगं बाई, खरंच की! नाकावरून रेघ मारल्यासारखं दिसतंय. उद्याच्या उद्या डॉक्टर!"

त्वचेच्या डॉक्टरीणबाई साहेबांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी भिंगातून पाहिलं, मग खोलीत अंधार करून जांभळ्या दिव्याखाली पाहिलं. साहेबांना आपण खोटी नोट आहोत असं वाटायला लागलं.

"कसलं क्रीम लावता?"

"मी? क्रीम?"

"वांग म्हणावा, तर तो बहुधा दोन्ही गालांवर येतो. हे उन्हाचं काम आहे. रोज, ठरल्या वेळी. ऑफिसात खिडकी कुठे?"

"समोर. दुपारी नुसती भट्टी असते!"

"समोर? मग दोन्ही गाल रापायला हवेत." बाईंनी उजव्या गालावरून बोट फिरवलं. "हा तर कोवळा आहे. दुपारी हा कशावर तरी टेकलेला असतो."

शेजारी बसलेली बायको एकदम पुढे सरकली.

"अहो! दुपारी फोन केला की टायपिस्टबाई म्हणतात, साहेब मीटिंगमध्ये आहेत!"

"मी इथे तपासणीला आलोय की चौकशीला?" साहेब ताडकन उठले. (उठताना दिव्यावर डोकं आपटलं, त्यामुळे बाणेदारपणा जरा कमी पडला.)

रात्रभर ते धुमसत राहिले. सव्वीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली आणि ऑफिसने अर्धं तोंड भाजून परत दिलं! सकाळी त्यांनी मॅनेजरला दोन पानी खरमरीत अर्ज लिहिला : कर्मचाऱ्यांच्या कातडीची इथे कुणाला पर्वा नाही, सबब माझं टेबल ताबडतोब हलवावं. पुराव्यादाखल डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. संतापाच्या भरात ती वाचायची मात्र राहून गेली. चिठ्ठीत तिसऱ्या ओळीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'ऑफिसात झोपताना चेहऱ्यावर ऊन येऊ देऊ नये.'

तासाभरात अर्ज परत आला. वर शेरा : 'मंजूर. टेबल माझ्या केबिनच्या काचेसमोर लावावे.'

"हा अन्याय आहे!" साहेब टायपिस्टबाईंना म्हणाले.

"हळू बोला," बाई पुटपुटल्या, "काचेतून दिसतं."

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा भिंग लावलं. "छान! दोन्ही गाल अगदी सारखे." साहेबांनी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तेवढ्यात भिंग जरा वर सरकलं.

"पण डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं कसली? हल्ली झोप पुरत नाही का?"