गुंजवण्याचे अतिदुर्मीळ तृण

गवत उगवते हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते कोणाच्या परवानगीने उगवते, याचा विचार फार थोड्या लोकांनी केला आहे. त्या थोड्यांत आमचे साहेब आनंदराव यांचा नंबर पहिला. सन १९३८ मध्ये भोर आणि वेल्हे भागातली दुर्मीळ गवते नोंदवण्यासाठी तृणनोंद कचेरी उघडली, तिचे ते प्रमुख आणि मी कारकून. (शिपाईही मंजूर होता, पण तो आलाच नाही.)

पहिल्या वर्षात आम्ही दोनशे अकरा गवते नोंदवली. त्यांतली दोनशे नऊ कुठेही उगवणारी निघाली, एक वाळलेली कांद्याची पात निघाली, आणि एक मात्र खरोखर दुर्मीळ होते.

ते सापडले गुंजवण्यात, राजगडाखालच्या पाणथळ उतारावर. लव्हाळ्याच्या कुळातले, तिकोनी देठाचे, एकंदर बेचाळीस ठोंब. उतार बनाबाई नावाच्या विधवेचा. तिची एकच म्हैस. म्हैस उतारावर चरे आणि बनाबाईचे घर म्हशीच्या दुधावर चाले. साहेबांनी तृणाचे नाव विचारले.

"गवात," बनाबाई म्हणाली.

'स्थानिक नाव' या रकान्यात मी तसे लिहिले.

आमची पद्धत शास्त्रशुद्ध होती. नमुना मुळासकट उपटून टीपकागदात दाबायचा, आणि तोही तीन प्रतींत: एक कचेरीला, एक वरिष्ठांना, एक विलायतेतल्या तज्ज्ञांना. तज्ज्ञांनी कळवले, फुलोरा वाटेत झडला, पुन्हा पाठवा. पुन्हा तीन. वरिष्ठांची प्रत वाळवीने खाल्ली. पुन्हा तीन (एकच प्रत काढण्याची नियमात सोय नाही). असे करता करता बेचाळिसांचे अठरा राहिले, तेव्हा तृण 'दुर्मीळ' वर्गातून 'अतिदुर्मीळ' वर्गात चढले. साहेबांनी पेढे वाटले. अतिदुर्मीळ तृणाची तपासणी दर पंधरवड्याला करावी लागते, आणि तपासणी म्हटली की नमुने आलेच.

दिवाळीत ठोंबांची संख्या शून्य भरली. साहेबांना मनापासून धक्का बसला. ते स्वतः पाहणीला गेले, तर उतारावर म्हैस उभी. पुरावा इतका ढळढळीत असल्यावर पुढच्या तपासाची गरजच उरली नाही. म्हशीची रवानगी वेल्ह्याच्या कोंडवाड्यात झाली.

दुसऱ्या दिवशी बनाबाई कचेरीत आली. "सायेब, म्हस वरचं खाती, मूळ ठेवती. इतकी वर्सं खातीया, गवात कवा कमी झालं न्हाई. मुळासकट तुमीच नेलं. गाभण हाय ती, हिरवं लागतंय तिला. सोडा तिला."

साहेबांनी तिला न रागावता नियम समजावून सांगितला. तृण सुरक्षित असल्याचा दाखला जोडला की म्हैस सुटते. तृण उरलेच नसल्यामुळे ते सुरक्षित असल्याचा दाखला देता येत नाही. शिवाय शेवटचा ठोंब म्हशीच्या पोटात असण्याचा संभव लक्षात घेता, तिला यापुढे नुसती म्हैस न समजता संग्रहालयाची शाखा समजावे, असा अभिप्राय मी स्वतः लिहिला. तो वरून जसाच्या तसा मंजूर होऊन आला. (शाखेच्या शेणाचा अहवाल रोज तीन प्रतींत जात असे.)

मला बाईचे वाईट वाटे. खरेच वाटे. आठवड्यातून दोनदा ती गुंजवण्याहून चालत येई आणि संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राही. मी तिला प्यायला पाणी देत असे. कोंडवाड्यात म्हशीला वाळका पेंढा मिळत होता, हेही मी तिला सांगितले.

माघात भोरला साहेबांचे 'एका तृणाचा अंत' या विषयावर व्याख्यान झाले. तोवर विलायतेतल्या तज्ज्ञांनी तृणाला साहेबांचे नाव दिले होते. श्रोते साठ. तृण कायमचे गेले हे ऐकून त्यांतल्या चौघांचे डोळे पाणावले. (एकाला सर्दी होती, तो धरलेला नाही.) मग प्रश्न सुरू झाले. बी तीनधारी होते की चपटे? मुळाला वास कसा होता? थोडे वाचवता आले नसते का? साहेबांनी सगळ्यांना समर्पक उत्तरे दिली.

तेवढ्यात मागच्या बाजूला बनाबाई उठून उभी राहिली. ती केव्हा आली, कोणालाच कळले नव्हते.

"म्हस काल कोंडवाड्यात याली," ती म्हणाली. "रेडकू मेलेलंच निघालं. आता म्हशीला तरी सोडा."

अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न तृणाविषयी असावा."

सभेत हशा पिकला. मी इतिवृत्तात कंस करून 'हशा' असे लिहिले.

वाचकहो, आपण त्या सभेत नव्हता, आणि असता तर हसला नसता, हे मला मान्य आहे. पण मी म्हशीला संग्रहालयाची शाखा म्हटले, तेव्हा आपण हसलात. ती गाभण आहे हे बनाबाईने त्याच्या आधीच सांगितले होते.