मैदानाखालच्या वाफेची हकीकत

श्रीअग्नी साक्ष, श्रीवाफ साक्ष. धनीसाहेब, साखर कारखान्याचे चेंडूपथक मेलानिया बाईने बुडविले ऐसा कागद तुम्ही करविला आणि मुलूखभर फिरविला, तो साफ लटका आहे. पथक तुम्ही बुडविलेत. वर्तमान घडले तैसे लिहितो, कोणास झोंबले तर झोंबो.

शके १८८४, शुभकृत् नाम संवत्सरी, युक्रेन मुलखी काळ्या मातीच्या प्रांती बीटाची साखर करणारा कारखाना होता आणि ओनुफ्री नामे थोरले कारभारी तेथे राज्य करीत होते. त्यांस फुटबॉलचे वेड ऐसे की भोजनास बसले तरी मेजाखाली पाय स्वस्थ नसे. त्यांनी पथक उभे केले आणि गड्यांची नावे बॉयलरच्या कामावर लाविली, परंतु गड्यांनी जन्मात फावडे धरिले नाही, हे सर्वांस ठाऊक आणि कोणाची तक्रार नाही. मग थोरल्यांचे मनी आले की हिवाळ्यात भूमी दगड होते, गडी पडून गुडघे फुटतात, आणि इकडे कारखान्याची वाफ फुकट आभाळात जाते. म्हणोन हातभर खोल नळ पुरून ती वाफ मैदानाखाली खेळविली. चहूकडे बर्फ आणि मध्ये हिरवे कुरण, ऐसा चमत्कार जाहला. परमुलखीचे गडी येत ते आधी वाकून गवत चाचपून पाहात आणि मग हरून जात. मैदानाची राखण मेलानिया बाईकडे होती. सव्वीस वर्षे रोज प्रातःकाळी जोडे काढून ती अनवाणी मैदान फिरे, तळपायास गार लागले की तेथला नळ चोंदला हे ओळखी, आणि बॉयलरवाल्या झिनोवीस तेथूनच हाक मारी. ऐसे करीत पथक चढत चढत दुसऱ्या गटाचे माथ्यावर आले.

पुढे मोठे राज्य मोडले, थोरले कारभारी वारले आणि राजधानीहून कारखान्याचे नवे धनी म्हणोन तुम्ही काळ्या मोटारीत बसोन आलात. शके १९१८, धाता नाम संवत्सरी, कार्तिक वद्यात निवाड्याचा सामना नेमला गेला. जिंकल्यास थोरल्या गटात प्रवेश. आणि मैदान खेळण्याजोगे नसल्यास यजमान पथकाचे नाव राज्याचे यादीतून कायमचे खोडावे, ऐसा कायदा. बाई तुम्हांकडे आली आणि सामन्यापर्यंत वाफ राहू द्या म्हणाली. तुम्ही बाईस खुर्ची दिलीत, चहा दिलात आणि वचन दिलेत. आणि सामन्याचे तीन दिवस आधी कारकुनाकरवी तोंडी हुकूम पाठविलात की मैदानाची वाफ बंद. कारण पुसता उत्तर नाही. सामन्याचे दिवशी प्रातःकाळी बाई मैदानात गेली तो भूमी लोखंड जाहली होती. ती तैशीच अनवाणी बॉयलरपाशी गेली.

"झिनोवी, चावी फिरव."

"कागदाविना फिरवली तर उद्या मी रस्त्यावर, मावशी."

"आणि नाही फिरवलीस तर?"

"तर परवा," झिनोवी बोलला, आणि तरीही चावी फिरविली नाही. तीस वर्षे हुकुमाने हललेला हात. हुकुमाविना कैसा हलावा?

मग बाईने न करावे ते केले. न्हाणीघराच्या नळास कढत पाणी होते, ते कोणी बंद केले नव्हते. तिने कारखान्याची अवघी वसाहत बोलाविली आणि बादल्या, पातेली, दुधाच्या बरण्या, मिळेल ते भरोन मैदानावर ओतावयास लाविले. पथकाचा नायक यारेमा हळूच म्हणाला की मावशी, वरून ओतलेले गोठते. बाई म्हणाली, "गोठायच्या आत पुढचे ओता." सव्वीस वर्षे उष्मा खालून येतो हे तळपायाने जाणणारी बाई, ती त्या दिवशी वरून ओतीत सुटली, आणि तिच्यावर भरवसा म्हणोन कोणी हात आखडला नाही. भूमी वाफाळली, लोक हर्षले, कोणी बरणी वाजवून नाचला. दोन प्रहरी पाहतात तो मैदानाचा आरसा जाहला. पंच आले, तीन पावले चालले आणि चौथ्यास धपकन बसले. लोक पोट धरून हसले. ते त्या वसाहतीचे एकत्र शेवटचे हसणे. पंचांनी बसल्या जागीच वही काढिली आणि पथकाचे नाव खोडिले.

मग तुम्ही बाईस बोलावून 'मैदान मी नासविले' ऐसे लिहविले आणि सही मागितली. यारेमा दारात आडवा होऊन सही करू नका म्हणाला. बाई म्हणाली, "पाणी मीच ओतले ना रे," आणि सही केली. वसंतात नळ उपटोन भंगारात गेले, बॉयलर गेले, गडी पोटामागे परमुलखी पांगले. बाई घराबाहेर पडत नाही. झिनोवी तिच्या दारी सरपण ठेवून जातो, ती ते घेत नाही.

एवंच, पथक चौतीस वर्षे वाफेवर जगले आणि अर्ध्या दिवसात पाण्याने मेले. पाणी ओतणारीने सही केली. चावी न फिरविणारा तोंड लपवून फिरतो. राहिले तुम्ही. धनीसाहेब, वाफ बंद का केलीत? कारकून पाठवू नका. वसाहतीच्या चौकात स्वतः या, बाईसमोर उभे राहा आणि उत्तर द्या.