फ्रिजवरचा डबा

मोघे कुणाच्याही घरी गेले, की यजमानाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी फ्रिजच्या वर. तिथे आमच्या तिळाच्या गजकचा रिकामा पत्र्याचा डबा दिसला, की मगच नमस्कार.

मोघे म्हणजे माझ्या कारखान्याचा डिझाइन विभाग. अख्खा. एक टेबल, एक खुर्ची आणि ते. मी आमच्या गावच्या लश्कर बाजारात हातगाडीवर गजक विकत वर आलोय. देवाचा नारळसुद्धा घासाघीस करून घेतो. आणि या माणसानं बारा वर्षांत डब्यावर माझा फोटो येऊ दिला नाही. बाजारात प्रत्येक मालक आपापल्या डब्यावरून हसतो. मीच तेवढा नाही. हे मी विसरलेलो नाही.

म्हणून यंदा संक्रांत उरकल्यावर त्यांना बजावलं, "मोघे, तुमच्या विभागानं धंद्याला काय दिलं, ते महिन्याभरात लिहून दाखवा. नाहीतर विभाग बंद. दिल्लीहून पुठ्ठ्याचे तयार खोके मागवतो."

"मालक, माल तर विकून जातो," मोघे म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "डबा घरात रुकला का, ते विचारा."

महिन्यानं रजिस्टर आलं. 'दाना ओली, जोशी. डबा आहे. बटणं.' 'शिंदे. डबा आहे. रेशनकार्ड.' 'करमरकर काकू. डबा आहे. गोळ्या.'

मी भडकलो. "मी गजक विकतो की बटणं?"

"बटणासाठी डबा काढतात, मालक. काढताना तुमचं नाव वाचतात. वर्षभर. पुठ्ठा तर दुसऱ्या दिवशी कचऱ्यात."

मुद्दा बिनतोड होता, म्हणून जास्तच राग आला. रजिस्टर घरी नेऊन बारकाईनं वाचलं आणि लबाडी सापडली. पानं भरलेली, पण घरं सहाच! फिरून फिरून तीच. करमरकर काकू तर रोज.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी "चला, दाखवा" म्हणत मी मोघ्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट दाना ओलीच्या गल्लीत काकूंच्या दारात जाऊन उभा राहिलो.

काकूंनी दार उघडलं. "काय हे मोघे, आज देर केली. चहा निवला." मग माझ्याकडे बघून, "हे कोण?"

डब्यावर फोटो असता तर विचारलं नसतं.

मोघे फ्रिजच्या वर बघत होते. काकूंनी तिथला डबा काढला, एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला. मला म्हणाल्या, "बीपीची आहे. घरी एकटे असतात, विसरून जातात. मीच म्हटलं, इकडे ठेवा. या बहाण्यानं येतील तरी."

मोघ्यांनी गोळी गिळली. माझ्याकडे बघितलं नाही.

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "करा विभाग बंद, मालक. घरं खरंच सहाच आहेत. बाकी कुणी आत बोलावत नाही."

"बंद कोण करतंय?" मी ओरडलो. "सातवं घर लिहा. हरिशंकरपुरम, माझं. आणि डब्यावर माझा फोटो!"

"फोटो नाही, मालक. फोटो असला की लोक डबा उलटा ठेवतात."

गुरुवारी ते आले. दारातूनच आधी फ्रिजच्या वर बघितलं. डबा मी सकाळीच तिथे ठेवला होता, नावाची बाजू पुढे करून.