साठेकाकांच्या अकरा चकत्या

साठेकाकांना जेवायला बोलावलं तर मक्याचा कुठलाही पदार्थ करू नये, हे आम्ही जर्मनीतल्या इंगोलश्टाटमधली मराठी मंडळी अनुभवाने शिकलो आहोत. आमच्याकडे ते पहिल्यांदा एकटे जेवायला आले तेव्हा मृणालने, म्हणजे माझ्या बायकोने, मक्याची उसळ केली होती. काकांनी ताटातला एक दाणा रुमालाला पुसला, खिशातून व्हर्नियर काढलं आणि मोजला. "आल्झो, तर नऊ पूर्णांक दोन मिलिमीटर. शिजल्यामुळे फुगलाय," म्हणाले आणि खाऊन टाकला. उसळ कशी झाली होती हे मृणालला अजून कळलेलं नाही.

काका मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर गिअरचे दाते मोजले. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटे राहतात. त्यांची गाडी रस्त्यावर बर्फ खात उभी असते, कारण गॅरेजमध्ये मका पेरायचं शंभरेक वर्षांचं जुनं यंत्र आहे. एक शेतकरी ते भंगारात काढणार होता. काकांनी त्याला दोन तास प्रश्न विचारले, तेव्हा त्याला शंका आली की आपण काहीतरी मौल्यवान घालवतोय.

यंत्र साधंच आहे. वर बियाण्याचा डबा, त्याच्या तळाशी लोखंडी चकती, चकतीच्या कडेला खाचा. चाक फिरलं की चकती फिरते आणि एकेका खाचेतून एकेक दाणा मातीत पडतो. खाच मोठी झाली तर दोन-तीन पडतात, लहान झाली तर दाणा अडकून फुटतो. म्हणून दाण्याच्या मापाची चकती निवडायची. यंत्राबरोबर अकरा चकत्या आल्या होत्या. काका तीन वर्षं निवडत होते.

पेरायचं होतं गावाबाहेरच्या श्रेबरगार्टनमध्ये, म्हणजे भाड्याने घेतलेल्या बागेच्या तुकड्यात. तिथे यंत्र वळवायचं तर शेजाऱ्याच्या टोमॅटोतून जावं लागलं असतं. मी हे बोलून दाखवलं.

"गेनाऊ," काका म्हणाले. "अगदी बरोबर. म्हणून एकच ओळ."

बियाणं होतं बरणीभर. शैलाकाकू माहेरचा पांढरा मका त्या बागेत दर वर्षी लावायच्या आणि बी राखायच्या. ही बरणी शेवटची. त्यानंतरच्या हिवाळ्यात काकू गेल्या. कणसाच्या टोकाचे दाणे गोल, मधले चपटे, त्यामुळे सगळ्यांना चालेल अशी चकती सापडेना. काकांनी बरणीतला दाणा न् दाणा मोजून अकराच्या अकरा चकत्या नापास केल्या. मी या प्रकरणावर पार्ट्यांमध्ये बराच हशा मिळवला आहे.

या वर्षी मेच्या सुरुवातीला काका ओलं फडकं घेऊन खाली आले. त्यात दहा दाणे रुजत घातले होते.

"चारच उगवले," ते म्हणाले. "गेल्या वर्षी आठ होते. पुढच्या वर्षी बहुतेक काही नाही."

"मग हाताने टोका ना, काका," मृणाल म्हणाली. "काकू तशाच लावायच्या."

काका खुर्चीत बसले. "किती अंतरावर? किती खोल? बावीस उन्हाळे ती तिथे लावत होती गं. मी पेपर वाचायचो. भाजलेलं कणीस हातात आलं की मान वर करायचो. यंत्राला निदान अंतर आणि खोली ठाऊक असते. मला काहीच ठाऊक नाही."

मला त्या सगळ्या हशाची लाज वाटली.

शनिवारी आम्ही तिघं बागेत गेलो. काकांनी सर्वांत मोठ्या खाचांची चकती बसवली.

"यातून तीन-तीन पडतील," मी म्हणालो.

"पडू देत. एकही फुटायला नको."

मी यंत्र ओढलं, त्यांनी मागून ढकललं. चौदा पावलांत ओळ संपली. टोमॅटो वाचले.

काकांनी मूठभर दाणे मागे ठेवले होते. ते मृणालपुढे धरून म्हणाले, "तू तिच्याबरोबर यायचीस ना? तिचं बोट कुठपर्यंत जायचं, दाखव."

मृणालने दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घातलं आणि काढून घेतलं. काका गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी त्या भोकात आपलं बोट घातलं. बराच वेळ काढलं नाही.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "उरलेले मी लावून येतो."